उजव्या कानाची खाच

जयनगर, बंगळूर
शनिवार, ५ जुलै १९९७

ती. भगवंतकाका यांस,
रूपश्रीचा नमस्कार.

आधी घडले ते सांगते.

१. माझे काम उंदरांच्या दोन जनुकांवर आहे. मी त्यांना पहिले आणि दुसरे म्हणते. दोन्हींपासून जवळजवळ सारखेच एन्झाइम तयार होते.

२. पहिले जनुक काढून टाकलेला उंदीर जन्मतो, वाढतो, त्याला पिल्ले होतात. दुसरे काढून टाकलेलाही जगतो. तो जरा लहानखुरा असतो, इतकेच.

३. दोन्ही नसलेले पिल्लू कधी जन्मत नाही. ते आईच्या पोटात दहाव्या दिवशी मरते. आतापर्यंत जन्मलेल्या एकशे चार पिल्लांत तसे एकही नव्हते. जगत असती, तर सव्वीसच्या आसपास असायला हवी होती.

४. २५ जूनला एका नराच्या सतरा पिल्लांत दोन्ही जनुके नसलेली तीन निघाली. तिन्ही जिवंत.

५. माझे गाइड वेणुगोपाल सर म्हणाले, तीन पिल्ले वगळ, लेख ऑगस्टअखेर पाठवायचा आहे. मी वगळली नाहीत.

६. मी त्या तिघांची चाचणी पूर्ण केली. तिघांतही पहिले जनुक सापडले. त्यांच्या आयांमध्ये ते नव्हते. म्हणजे ते बापाकडून आले. म्हणजे बाप चुकीचा.

७. बाप म्हणून मी पिंजरा ४७ मधला क्रमांक १ घेतला होता. तो खरे तर क्रमांक २ आहे. त्याच्या कानावरची खूण चुकली आहे. खूण ६ मार्चची. नोंदवहीत नाव देवाप्पाचे.

एक खूण चुकली असेल तर बाकीच्या किती बरोबर, हे मला सांगता आले पाहिजे. नाहीतर एकशे चारचा आकडा कुणी का मानावा?

तुम्ही आमच्या संस्थेच्या अ‍ॅनिमल हाउसचे सत्तावीस वर्षे सुपरिंटेंडेंट होता. कानावर खाचा करण्याची पद्धत तुम्ही बसवली आणि देवाप्पाला तुम्हीच कामाला घेतले. म्हणून दोन प्रश्न विचारते. देवाप्पाच्या हातून यापूर्वी अशी चूक झाली होती का? आणि खाचा त्याच्याशिवाय आणखी कुणी करते का?

आनेकलला यायला मला जमणार नाही. रोज सकाळी सातला माद्या तपासाव्या लागतात, रविवारीही. शिवाय उत्तर मला लिखित हवे आहे.

पवित्राताईंना नमस्कार.

रूपश्री


आनेकल
९ जुलै ९७

चि. रूपश्रीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, पंचनामाच तो. पवित्रानं विचारलं, "कुणाचं हो अण्णा?" म्हटलं, "विठ्ठलच्या थोरलीचं. कुठंतरी गुन्हा घडलाय आणि मी साक्षीदार आहे." ती म्हणाली, "लग्नाचं काही लिहिलंय का?" मी म्हटलं, "उंदराच्या लग्नाचं आहे. नवरा बदलला म्हणून तक्रार आहे."

आता तुझ्या कामाचं. पद्धत माझी आहे आणि ती चुकायची नाही. एक म्हणजे उजव्या कानाला एक खाच. दोन म्हणजे डाव्या कानाला एक. तीन म्हणजे दोन्ही कानांना. चार म्हणजे उजव्याला दोन, पाच म्हणजे डाव्याला दोन. उंदराचा उजवा कान, आपला नव्हे. म्हणून उंदीर नेहमी पाठ आपल्याकडे करून धरायचा, की त्याचा उजवा तोच आपला उजवा होतो. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही हे एका सकाळीत येतं. देवाप्पाला तसंच आलं. बेळगावकडचा माणूस, हात लोण्यासारखा. त्याच्या हातात उंदीर चावत नाही, हे तू बघितलं असशीलच.

तुझ्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर नाही असं आहे. चूक झाली नव्हती आणि दुसरं कुणी करत नाही. तो विलास म्हणून कुणी बदली गडी आलाय म्हणे, त्याला विचार जरा.

आणि एक. तुझ्या सहाव्या कलमात "चाचणी पूर्ण केली" असं आहे. म्हणजे आधी अर्धी केली होतीस काय? तू लहानपणी दिवाळीला लाडू मोजून घ्यायचीस आणि मोजताना एक खाऊन टाकायचीस. तसं काही नाही ना?

मला एक कळत नाही. एक जनुक काढलं तरी उंदीर ठीक, दुसरं काढलं तरी ठीक. मग एकाच कामाला दोघांना पगार कशाला?

भगवंतराव


जयनगर
सोमवार, १४ जुलै १९९७

ती. भगवंतकाका यांस,
नमस्कार.

सहाव्या कलमाबद्दल तुमचे बरोबर आहे. आईबाप दोघांतही पहिले जनुक नाही हे आधी तपासलेले असते, म्हणून पिल्लांत मी ते पुन्हा तपासत नव्हते. फक्त दुसरे तपासत होते. ही माझी चूक. आता दोन्ही तपासते. जुन्या एकशे चार पिल्लांच्या शेपटीची टोके फ्रीजमध्ये आहेत, त्यांचीही चाचणी सुरू केली आहे.

पगाराबद्दल. दोघांचे काम अगदी एकच नाही. गर्भाची पाठ सुरुवातीला उघड्या पन्हळीसारखी असते. नवव्या दिवसापर्यंत ती मिटून नळी होते आणि त्या नळीचा पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो. ती मिटायला आणि हृदयाला नीट वळण मिळायला एक संदेश लागतो. तो संदेश हे एन्झाइम तयार करते. डोक्याकडे पहिले जनुक जास्त काम करते, शेपटीकडे दुसरे, आणि मधल्या मोठ्या भागात दोन्ही. एक गेले की दुसरे निभावून नेते, त्यामुळे बाहेरून काहीच दिसत नाही. दोन्ही गेली की दहाव्या दिवशी सगळे थांबते. एक काढून काही बिघडले नाही, यावरून ते निरुपयोगी होते असे ठरत नाही. पहिले वर्षभर आम्हीही तसेच समजत होतो.

आता ६ मार्च. त्या दिवशी पाच-पाचांच्या तीन पिंजऱ्यांत खुणा झाल्या. खूण करतानाच शेपटीचे टोक घेऊन त्या क्रमांकाच्या नळीत ठेवतात; मी त्या पंधराही उंदरांची नव्याने चाचणी करून त्या नळ्यांशी ताडून पाहिली. क्रमांक ३ तिन्ही पिंजऱ्यांत बरोबर आहे. १ आणि २ यांची, तसेच ४ आणि ५ यांची अदलाबदल झाली आहे. अशा सहा जोड्या होतात. चार जोड्यांत ती स्पष्ट दिसते. उरलेल्या दोन जोड्यांतले उंदीर जनुकांनी एकसारखे आहेत, तिथे ती दिसणे शक्य नाही. म्हणजे त्या दिवशी सगळे उंदीर पोट आणि तोंड स्वतःकडे करून धरले होते. चूक ठरावीक आहे, त्यामुळे ती दुरुस्त करता येते.

विलास २ जूनला लागला. तो नव्हे. देवाप्पा मार्चभर हजर होता. मी त्याला विचारले.

"सहा मार्चच्या खुणा तुम्हीच केल्यात ना?"

"मीच की, अक्का. दुसरं कोण करतंय?"

"उंदीर कसा धरला होता?"

"उंदीर धरायचं आता तुम्ही शिकवणार व्हय मला? जावा, कापी पिऊन या."

त्याची बायको गंगव्वा शेजारच्या खोलीत पिंजरे धुते. ती तिथून म्हणाली, "अहो, नीट बोला की बाईंशी." पूर्ण वेळ त्याने माझ्याकडे पाहिले नाही. बोलताना भिंतीकडे पाहत होता.

माझा निष्कर्ष निष्काळजीपणा असा आहे. शुक्रवारी मी सरांना तसे लेखी कळवले. त्यांनी तो कागद प्रशासनाकडे पाठवला आहे.

रूपश्री


आनेकल
१९ जुलै ९७

चि. रूपश्रीस आशीर्वाद.

कागद लिहायच्या आधी मला विचारायचं होतंस. कळवलंस, पण कागद गेल्यावर. आधी पत्र टाकून पाच दिवस थांबली असतीस तर काय झालं असतं?

देवाप्पा तुझ्याकडे बघत नव्हता, कारण तू त्याला दिसत नव्हतीस. भिंतीत खिडकी आहे, तिचा उजेड तेवढा त्याला दिसतो. ब्याण्णवपासून त्याची नजर उतरत चाललीय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि साखरही आहे. डॉक्टरकडे जायला तयार नाही. दवाखान्यात गेलं की दाखला होतो, दाखला झाला की तो ऑफिसात जातो, आणि आंधळ्याला अ‍ॅनिमल हाउसात कोण ठेवतंय? त्याची चौदा महिन्यांची नोकरी राहिलीय. काम बोटांनी करतो, सवयीनं.

आता तुझ्यामुळे कमिटी बसणार. मला इथं बसून कळलंय, माझीही माणसं आहेत तिथं अजून. "निष्काळजी" हा शब्द एकदा फायलीत लागला की चौदा महिने राहत नाहीत, चौदा दिवसही राहत नाहीत.

माझं ऐक. सरांना लिही की नळ्यांची अदलाबदल झाली आणि ती तुझ्या हातून झाली. विद्यार्थ्याकडून चूक होते, त्याला कुणी फासावर देत नाही. चार दिवस बोलतील. तुझा प्रबंध कुठं जात नाही. पाहिजे तर विठ्ठलशी मी बोलतो.

एवढं कर. सरी? ठीक ना?

भगवंतराव


जयनगर
रविवार, २७ जुलै १९९७

ती. भगवंतकाका यांस,
नमस्कार.

नळ्यांची अदलाबदल झालेली नाही. म्हणून मी तसे लिहिणार नाही. बाबांशी बोलायची गरज नाही.

मी "निष्काळजीपणा" लिहिले ते चूक होते. मी फक्त चूक पाहिली होती, कारण पाहिले नव्हते, आणि दोन्ही पाहिल्यासारखे लिहिले. तो शब्द मी मागे घेणार आहे. पण त्याच्या जागी काय लिहायचे ते मला कळायला हवे होते.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट जुळत नव्हती. एकशे चार पिल्लांची चाचणी पूर्ण झाली. सगळी बरोबर आहेत. म्हणजे त्यांच्या अठ्ठावीस आईबापांच्या कानांवरच्या खुणाही बरोबर आहेत. त्या सगळ्या ऑगस्ट ते फेब्रुवारीत झालेल्या. नजर ब्याण्णवपासून उतरत असेल, तर अठ्ठावीसच्या अठ्ठावीस बरोबर आणि मग एकाच दिवशी सगळ्या उलट, असे होत नाही. थोड्या इकडे, थोड्या तिकडे चुकल्या असत्या. तेव्हा ६ मार्चला वेगळे काय होते ते शोधले. देवाप्पाची हजेरी मी आधीच पाहिली होती. या वेळी सगळ्यांची पाहिली. पिंजरे धुणारी गंगव्वा ३ ते १२ मार्च गैरहजर होती. त्या दहा दिवसांत खुणा एकदाच झाल्या, ६ तारखेला.

काल दुपारी मी धुण्याच्या खोलीत गेले. देवाप्पा जेवायला गेला होता. मी विचारले, "खुणा तुम्ही करता?"

तिने नळ चालूच ठेवला. "मी पिंजरे धुते की, बाई."

"सहा मार्चला तुम्ही निपाणीला होता."

"लेकीचं बाळंतपण होतं. नातू झाला."

"त्या दिवशी पंधरा उंदरांच्या खुणा उलट झाल्या. त्याच्या आधी एकही नाही."

मग तिने नळ बंद केला. "पंधराच्या पंधरा?"

"तीन नंबरचे तीन सोडून."

"ते कसं उलटं होणार? दोन्ही कानाला खाच." तिने हात पदराला पुसले. "खिडकीला धरलं असणार ह्यांनी. तोंड आपल्याकडं करून, डोळ्यापाशी आणून. मी किती सांगून गेले होते, मी येईपर्यंत थांबा म्हणून. पिल्लं काय पळून जात न्हाईत. पण तुमची चिठ्ठी आली ना, आजच पायजे."

ती चिठ्ठी मी पाहिली. नोंदवहीला टाचणीने लावलेली आहे. "आजच" या शब्दाखाली मी दोन रेघा मारल्या आहेत. मला ती पिल्ले आठवडाभर उशिरा मिळाली असती तरी चालले असते.

मी तिला विचारले की हे किती वर्षे चालू आहे. ती म्हणाली, "पाच. ह्यांना दिसेना तेव्हा भगवंतअण्णांनी मला उभं केलं. अर्धा दिवस शिकवलं. म्हणाले, हात तुझा, नाव ह्याचं. मला तरी कुठं लिहायला येतंय? आणि मी पडले रोजंदारीवरची, मला उंदराला हात लावायची परवानगी न्हाई."

"आणि देवाप्पा काय करतात?"

"ते काय करतात म्हणजे?" ती चिडली. "कुठली मादी कधी विणार ते पोटाला बोट लावून सांगतात. आजारी उंदीर वासावरून काढतात. ते मला येतंय व्हय? तुमचे उंदीर जगले ते ह्यांच्यामुळं, आणि तुम्ही कागद लिहिला."

ती म्हणते ते खरे आहे.

मी तिला एक पिल्लू धरायला सांगितले. तिने पाठ स्वतःकडे करून धरले. ते चावले नाही.

तुम्ही ९ जुलैला लिहिलेत की दुसरे कुणी खाचा करत नाही. १९ जुलैलाही तिचे नाव टाळलेत. म्हणून विचारते: तुम्ही गंगव्वाला ते काम दिलेत का? तुमच्या वेळच्या नोंदी, देवाप्पाच्या नावाखाली, तुम्ही माहीत असून तपासून सह्या करत होता का? हो किंवा नाही.

रूपश्री


आनेकल
१ ऑगस्ट ९७

चि. रूपश्रीस आशीर्वाद.

हो. दोन्हीला हो.

तू पुढे विचारशीलच, म्हणून सांगतो. ब्याण्णवच्या उन्हाळ्यात एक दिवस देवाप्पानं एकाच उंदराच्या एकाच कानाला दोनदा खाच केली. आधीची त्याला दिसलीच नाही. मी जवळच उभा होतो. तो काही बोलला नाही, मीही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी गंगव्वाला बोलावलं. तिचा हात त्याच्याहून नेटका निघाला, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. तूही सांगू नकोस.

ऑफिसला कळवलं असतं तर तो घरी गेला असता. आणि गंगव्वाला ते काम कुणी दिलं असतं? रोजंदारीवरची बाई, अंगठा उठवणारी. माझ्या वेळी असलं कुणी ऐकून घेतलं नसतं. मी काय केलं ते उंदरांच्या भल्याचंच केलं. तुझे उंदीर तेव्हा नव्हते, पण दुसऱ्यांचे होते, आणि त्यांच्यात एकही चूक नाही.

पंचाण्णवला मी रिटायर झालो तेव्हा शाल दिली, नारळ दिला, आणि काचेत बसवलेलं प्रशस्तिपत्र दिलं. त्यात लिहिलंय, कानखुणांच्या नोंदींत सलग इतकी वर्षे एकही चूक नाही. डायरेक्टरांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. गंगव्वा मागच्या रांगेत चहाचे कप गोळा करत होती. मी तिच्याकडे बघितलं. ती हसली. मी पत्र घेतलं आणि घरी आणलं. आता ते पवित्राच्या हॉलमध्ये आहे. आल्यागेल्याला जावई वाचून दाखवतो.

हे तुला लिहिलं, घरचं माणूस म्हणून. ऑफिसच्या कागदावर मला हे लिहायला सांगू नकोस. साठी ओलांडली. या वयात खोटी नोंद केली म्हणून माझ्याकडे बोट दाखवलेलं मला सोसायचं नाही. तू हुशार आहेस, दुसरा रस्ता काढ.

भगवंतराव


जयनगर
मंगळवार, ५ ऑगस्ट १९९७

ती. भगवंतकाका यांस,
नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. सरळ लिहिलेत त्याबद्दल आभारी आहे.

दुसरा रस्ता मी शोधला. तो नाही. का, ते सांगते. त्याआधी दरम्यान काय केले ते सांगते.

गेल्या सोमवारी मी वेणुगोपाल सरांना सगळे सांगितले. तुमचे नाव सांगितले नाही, कारण तेव्हा तुमचे उत्तर आलेले नव्हते. सर आधी रागावले. म्हणाले, कपडे धुवावेत तसे पिंजरे धुणारी बाई माझ्या लेखाच्या मुळाशी आहे, हे मी जगाला सांगू? मी म्हटले, नंतर दुसऱ्या कुणी शोधून काढण्यापेक्षा आपण सांगितलेले बरे, पण आधी तपासून घेऊ. गंगव्वाने चाळीस पिल्लांच्या खुणा सरांच्या आणि माझ्या समोर केल्या. शेपटीची टोके तेव्हाच घेतली. दोन दिवसांनी दुसऱ्या एका विद्यार्थ्याने, आधीचे काही न पाहता, फक्त कान वाचून त्याच उंदरांची पुन्हा टोके घेतली. मी दोन्ही ताडून पाहिली. चाळीसपैकी चाळीस जुळली. निकाल पाहून सर म्हणाले, "माझ्या विद्यार्थ्यांपैकी कुणाचे चाळीस जुळतील असं वाटत नाही." ते माझ्याकडे पाहून म्हणाले. मी ते मान्य केले.

लेखात आता असे आहे: तीन जिवंत पिल्ले का निघाली, त्याचे पूर्ण कारण, पिल्लांत पहिले जनुक न तपासण्याची चूक माझी, कानखुणा गंगव्वा यांनी केल्या, नावानिशी. हे वाक्य काढले तर लेखावर माझे नाव घालू नये, असे मी सरांना सांगितले आहे. वाक्य राहिले आहे. एकशे चारचा आकडा आता पक्का आहे. दोन्ही जनुके मिळून ते काम करतात, आणि दोन्ही नसतील तर गर्भ जगत नाही. याला आता कुणी धक्का लावू शकणार नाही.

त्याआधी मी गंगव्वाला विचारले होते, नाव घालू का. ती म्हणाली, "ह्यांचं नाव आळशी म्हणून लागण्यापरीस माझं लागू दे. काम गेलं तर दोघांचं जाईल, निपाणीला जाऊन नातू सांभाळू." मग म्हणाली, "पण जाऊ नये असं करा की काहीतरी, बाई." देवाप्पालाही मी भेटले. त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "अक्का, आता तुम्ही कुठल्या बाजूला उभ्या आहात? या बाजूला या, उजेडाला." मी खिडकीकडे सरकले. गुरुवारी सरांनी ओळखीच्या डॉक्टरांकडे त्याला पाठवले. डॉक्टर म्हणतात की साखर आटोक्यात आली की उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया होईल आणि दिसू लागेल. पाच वर्षे उशीर झाला, पण फार उशीर नाही.

आता कमिटी. ती गुरुवारी, १४ ऑगस्टला बसते आहे. तिच्यासमोर माझा ११ जुलैचा कागद आहे, आणि तो मागे घेणारा दुसरा. हे दोन्ही कागद माझे आहेत, त्यामुळे दुसऱ्याचे वजन पहिल्याइतकेच. प्रशासनाचे दोन मुद्दे आहेत. देवाप्पाने पाच वर्षे न केलेल्या कामाखाली आपले नाव लावू दिले. गंगव्वाने परवानगी नसताना प्राण्यांना हात लावला. दोन्ही खरे आहेत. माझ्या चाळीस उंदरांनी तिचा हात चांगला आहे हे सिद्ध होते. तिला ते काम कुणी दिले, हे त्यांनी सिद्ध होत नाही.

सुपरिंटेंडेंटने सांगितले म्हणून दोघांनी केले, असे असेल तर त्यात त्यांची लबाडी उरत नाही. ती प्रमुखाने लावून दिलेली व्यवस्था होते. आणि जी व्यवस्था पाच वर्षे बिनचूक चालली, ती नियमात बसवा असे सर कमिटीला सांगायला तयार आहेत: देवाप्पाला शस्त्रक्रियेसाठी रजा आणि उरलेले महिने माद्यांची देखभाल, गंगव्वाला खुणा करण्याचे काम तिच्या स्वतःच्या नावावर. पण "सुपरिंटेंडेंटने सांगितले" हे वाक्य त्या दोघांनी म्हटले तर तो बचाव ठरतो आणि मी म्हटले तर ती ऐकीव गोष्ट. ते तुम्हीच म्हणू शकता.

तुमच्यावर काय येईल, ते मी लपवत नाही. प्रशासनातल्या एका अधिकाऱ्याला नाव न सांगता विचारले. निवृत्त माणसावर ते कारवाई करणार नाहीत. पण कागद फायलीत राहील, आणि लोक बोलतील. ते तुम्हाला नको आहे, हे मला समजते. मला जुलैत माझी अर्धी चाचणी कुणाला सांगायची नव्हती. तुम्ही एका ओळीत ती पकडलीत. त्यानंतर काम सोपे झाले.

भिंतीवरचे प्रशस्तिपत्र काढायची गरज नाही. त्यातले वाक्य खरे आहे. त्यात एक नाव कमी आहे, इतकेच.

सोबत एक निवेदन टाइप करून पाठवते. चार वाक्ये आहेत. गंगव्वाला काम तुम्ही दिलेत, का दिलेत, नाव देवाप्पाचे लावायला तुम्ही सांगितलेत, तुमच्या काळात त्यात चूक आढळली नाही. तुमच्याबद्दल एकही विशेषण घातलेले नाही, चांगले किंवा वाईट. काही खोटे वाटल्यास खोडा आणि खोडलेल्या जागी सही करा. खाली सही आणि तारीख हवी. सोबत पत्ता घातलेले, तिकीट लावलेले पाकीट आहे.

सही करायची नसेल तर तसे लिहून कळवा, म्हणजे त्या दोघांना मी आधी सांगेन. ते कमिटीच्या खोलीत त्यांना पहिल्यांदा कळू नये.

उत्तर सोमवार, ११ ऑगस्टपर्यंत माझ्या हातात पडेल असे पाठवावे.

रूपश्री